मागे राहिलेला जुळा

दोघा भावांच्या जन्मात जेमतेम पाव तासाचं अंतर होतं, पण तेवढ्या भांडवलावर थोरल्यानं धाकट्यावर भरपूर दादागिरी केली. कॉलेजात मित्र थोरल्याला 'मूळ प्रत' म्हणत आणि धाकट्याला 'झेरॉक्स'. थोरला पोहण्यात पटाईत. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती रांगायला लागली त्या सुमारास एका सकाळी तो तलावात पोहता पोहता बुडाला. पाणी संथ होतं. पाण्यावर पडून झोप काढू शकेल असा माणूस. लोक म्हणाले, पायात गोळा आला असेल.

झेरॉक्स पुढे जीवशास्त्राचा शिक्षक झाला. त्यानं दाढी वाढवली. वहिनीकडे जाताना तो जिन्यातच खाकरायचा, कारण एकदा न खाकरता दारात उभा राहिला तेव्हा तिच्या हातातलं पातेलं गळून पडलं होतं. त्याच्याशी बोलताना ती गॅसकडे बघायची, दोरीवरच्या कपड्यांकडे बघायची, त्याच्याकडे नाही. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. आरशासमोर तोही फार वेळ थांबत नसे. कानशिलं पांढरी झाली, चष्मा लागला, आणि दर वेळी त्याच्या मनात यायचं की दादा आता असा दिसला असता.

पुतणी त्याच्याच वर्गात आली. घरी काका, शाळेत सर. बापासारखीच पाण्याची वेडी, म्हणून सगळे तिला मासोळी म्हणत.

त्या दिवशी जनुकांचा धडा होता. "प्रत्येक जनुक म्हणजे शरीराला दिलेली एक सूचना," सर सांगत होते. "तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडलांकडून. त्या सूचनेची जी वेगवेगळी रूपं आढळतात, ती ॲलील. आणि सगळ्या सूचना मिळून जीनोम." त्यांनी फळ्यावर 'दार लाव' लिहिलं, मग 'द' पुसून 'त' केला. "एक अक्षर बदललं. याला उत्परिवर्तन म्हणायचं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कधी कधी मात्र दार उघडंच राहतं."

"सर, म्हणजे माझं गणित ही बाबांचीच चूक?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"गणित जनुकात शोधू नकोस, वहीत शोध."

वर्ग हसला. हसू ओसरल्यावर मासोळीनं हात वर केला. "सर, एकसारख्या जुळ्यांचा जीनोम?"

"जवळजवळ तोच असतो."

"म्हणजे माझ्या बाबांचा जीनोम अजून आहे."

वर्गात सगळ्यांना सगळं माहीत होतं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "आहे."

तास संपल्यावर ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांवर झाकणं घालत होते, तेव्हा ती आत आली. "काका," ती म्हणाली. शाळेत ती असं कधी म्हणत नसे. "मागच्या आठवड्यात पोहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा काठावर होते, ओढून काढलं होतं मला. आईला सांगू नका हं. ती पोहणं बंद करेल."

दादा गेल्यावर, पुढे शिकत असताना सरांनी एका आजाराबद्दल वाचलं होतं. हृदय दिसायला धडधाकट, पण एका जनुकाची एक प्रत बदललेली, आणि त्यामुळे श्रमात, विशेषतः पोहताना, ठोक्यांची लय अचानक बिघडते. मागाहून शरीर उघडून पाहिलं तरी काही सापडत नाही. त्यांनी पुस्तक मिटलं होतं. स्वतःची तपासणी केली नव्हती. लग्नही केलं नाही, पाण्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि पोरीचा विचार आला की अंगावर पाल पडल्यासारखा झटकून टाकला होता.

संध्याकाळी त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"कधीपासून?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिनं नळ पुन्हा सोडला आणि उरलेली भांडी घासून टाकली.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना मुलीचा ईसीजी संशयास्पद वाटला, पण खात्री देता येईना. "वडलांचं हृदय बघता आलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"बघता येईल," वहिनी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं दिराकडे सरळ पाहिलं.

त्यांना आडवं केलं, छातीवर गार जेल लावलं. पडद्यावर करडं हृदय उघडमीट करू लागलं. वहिनी खुर्ची ओढून अगदी जवळ बसली.

"असंच चालायचं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो वहिनी," ते म्हणाले. "असंच."

त्यांची शर्टाची बटणं लावून होईपर्यंत तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. पडदा तोवर काळा झाला होता.

दिसायला हृदयात काहीच दोष नव्हता. दोष निघाला तो ईसीजीत आणि रक्तात. बदललेली प्रत काकांमध्ये सापडली, म्हणजे ती थोरल्यातही असणार. मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी होती, आणि ती तिच्याकडे आली होती. दोघांनीही रोज गोळी घ्यायची, पोहणं बंद. गोळी चुकवली नाही तर माणूस चांगला म्हातारा होतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"या गोळ्या तेव्हा होत्या?" वहिनीनं विचारलं.

"होत्या."



मासोळीनं काकांशी अबोला धरला. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, घरी आले की दुसऱ्या खोलीत जायची. वहिनी मात्र रोज सकाळी त्यांना फोन करायची. "गोळी घेतली?" एवढंच विचारायची, आणि 'हो' ऐकल्यावरही थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवायची. पलीकडून तिचा श्वास ऐकू यायचा. नक्की कुणाची चौकशी चालली आहे, हे काकांनी कधी विचारलं नाही.

परीक्षा संपल्यावर एका दुपारी ते घरी गेले, तेव्हा मासोळी समोर येऊन बसली. बराच वेळ तिनं त्यांचा चेहरा न्याहाळला.

"काका, बाबांचं हसणंही तुमच्यासारखंच होतं?"

"नाही. ते वेगळंच होतं."

"कसं?"

ते आठवून आठवून हसून बघू लागले. आधी नाकातून, मग घशातून. नुसताच खोकला आल्यासारखं झालं.

"असं नाही," स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली. हात पदराला पुसत ती बाहेर आली, आणि मान एका बाजूला कलती करून, श्वास आत ओढत, दादा हसायचा तशी हसली.



"पुन्हा," मासोळी म्हणाली.