अँटिबॉडी नुसती धरते

गेल्या साली आमच्या ह्यांना लघवीत जंतू झाले आणि सांगलीच्या दवाखान्यात आमचा मुक्काम पडला. पलटणीत उमेदीची वर्षं काढलेला माणूस, पण हुडहुडी भरली की दात कडकडा वाजायचे. तीन दिवस सलाइनमधून औषध चाललेलं, ताप काही हलेना. डॉक्टर म्हणाले, "आजी, जंतू या औषधाला दाद देत नाहीत. लॅबमधून कळू दे, मग बदलू. फार थांबता येणार नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. बसवतंय कुठलं! जिना उतरून थेट लॅबच्या दारात गेले. ह्यांच्या लघवीतले जंतू त्यांनी ताटलीत वाढवले होते. माझ्या नातीएवढी एक पोरगी त्यातलंच काही कालवून बोटभर पट्टीवर थेंब सोडत होती.

"बाई, ह्ये काय?"

"आजी, काही जंतू असा एक पदार्थ तयार करतात की औषधाचे तुकडे पडतात. या पट्टीत अँटिबॉडी आहे. ती तोच पदार्थ नेमका धरते. धरला की रेघ उमटते."

पाव तासानं रेघ उमटली. "सापडला!" पोरगी म्हणाली.

आता, जन्मभर अँटिबायोटिक ऐकलेली मी. अँटिबॉडी म्हणजे तिचीच धाकटी बहीण असणार, असं धरून चालले. आणि माझा आवाज चढला. "आगं, मग हीच द्या की त्यांना! हितं पट्टीत घालून ठिवलीय, आन् माझा माणूस वर फणफणतोय!"

पोरगी हसली नाही, हे मी विसरणार नाही. तिनं आधी डॉक्टरांना फोन केला, मग मला स्टुलावर बसवलं.

"माहेर कुठलं, आजी?"

"शिराळा."

"मग तुमच्याकडं नागपंचमीला नाग धरायचे, ते मारायला का?"

"छे गं! पाप लागंल."

"तशीच ही. नुसती धरते आणि कुठल्या जातीचा आहे ते दाखवते. मारणारं औषध वेगळं. ते आता डॉक्टरांना नेमकं निवडता येईल."

खाली मान घालून वर आले. तोवर नर्सकडून ह्यांना सगळं कळलं होतं.

"लॅबवालीशी भांडलीस व्हय?"

"भांडले न्हाई. आवाज जरा मोठा झाला."

"तुझा आवाज ऐकून जंतूच पळाया पायजे हुते."

त्याच संध्याकाळी औषध बदललं. दोन दिवस काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला हात लावला, तर घामानं बनियन भिजलेलं आणि अंग गार. नर्सला हाका मारत सुटले. ती धावत आली, हात लावला, म्हणाली, "आजी, ताप उतरलाय त्यांचा."

ह्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. "आवं बाईसाब, आता तरी झोपू द्या की."