हुकूम कुणाचा होता?

मी हवालदार भानुदास, गाव सास्तूर. एकवीस वर्षं नोकरी केली, सगळी वायरलेस सेटवर. पंधरा ऑगस्टला लोक मला देशभक्तीवर बोलायला बोलावतात. शाल देतात, नारळ देतात आणि कानात सांगतात, "दादा, चार शब्द गोड बोला." गोड बोलायला मी काय साखरपुड्याला आलोय? मला एकच गोष्ट सांगता येते. ती अशी.

आमची पोस्ट डोंगरात, सरहद्दीकडं जाणाऱ्या रस्त्यावर होती. तिथं आमच्याच तालुक्याचा एक नाईक होता. युसूफ शेख, माकणीचा. भूकंपात जवानांनी त्याच्या बहिणीला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर तो भरती झाला. मला भानूदा म्हणायचा. मेसच्या राजम्याला शिव्या घालायचा आणि घरून आलेली शेंगाची चटणी अर्धी माझ्या ताटात टाकायचा.

त्याचं काम रोड ओपनिंगचं. रोज सकाळी पाचला त्याची दहा जणांची पार्टी तयार असायची. हातात माइन डिटेक्टर, सोबत सुरुंगाचा वास काढणारा कुत्रा. सात किलोमीटर रस्ता चालत तपासायचा, तीन तास लागायचे. मग तो सेटवर "रोड ओपन" म्हणायचा, मी वेळ लिहायचो आणि गाड्या सुटायच्या. त्याआधी जनरलची गाडी आली तरी ती थांबायची.

त्या दिवशी डिटेक्टर आणि कुत्रा दोन्ही हेडक्वार्टरला नेले होते, म्हणून पार्टी पोस्टवरच थांबली होती. तिथं एक मंत्री झेंडा फडकवायला येणार होते. पाच चाळीसला सेटवर आवाज आला.

"टायगर बोल रहा हूँ. मीडिया की गाड़ियाँ आ रही हैं. साढ़े सात तक रोड ओपन चाहिए. क्लिअर?"

"सर, डिटेक्टर नहीं है."

"आँख से देखो. क्लिअर?"

टायगर हे माणसाचं नाव नव्हे, हेडक्वार्टरच्या सेटचं नाव. तिथं कुणीही अधिकारी बोलू शकतो. म्हणून आमचा शिरस्ता असा, की नियमाबाहेरचा हुकूम आला तर ऑपरेटरनं बोलणाऱ्याचं नाव आणि रँक विचारायची, लिहून घ्यायची, मगच हुकूम पुढं द्यायचा. मी विचारलं नाही. साहेबाला नाव विचारायला माझी जीभ रेटली नाही. "रॉजर" म्हणालो आणि युसूफला हुकूम दिला.

"भानूदा, नुसत्या डोळ्यानं? ही काय डाळ निवडायची हाय व्हय?"

"हुकूम हाय, युसूफ."

"बरं. पोरं मागं ठिवतो. म्या पुढं जातो."

सहा बावन्नला स्फोट झाला. पुढं तो एकटाच होता. बाकीच्या नऊ जणांना त्यानं पन्नास पावलं मागं ठेवलं होतं. ते नऊ आजही जिवंत आहेत.

दहा वाजता मंत्र्यांनी झेंडा फडकवला. भाषण झालं, फोटो झाले.

चौकशीत मला विचारलं, "हुकूम कोणी दिला?" मी म्हणालो, "टायगरनं." "नाव?" माझ्याकडं नाव नव्हतं. त्या सकाळी सेटजवळ तीन अधिकारी होते आणि तिघांनाही काही आठवेना. अहवालात लिहिलं, नाईक युसूफ शेख यांनी पुरेशी दक्षता घेतली नाही. म्हणजे मेला तोच दोषी. हेडक्वार्टरच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं नाही.

गावाकडं आणखी निराळंच. लोहाऱ्यात चहाच्या हॉटेलात युसूफचा विषय निघाला, तर एक पुढारी सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यांच्या आज्या-पणज्यांचा इतिहास ठाव हाय आमाला." अरे मुडद्या, तुझ्या घरातल्या कुणी कधी गणवेश चढवला का? निजामाच्या काळातली मढी उकरतोस आणि नऊ वर्षांपूर्वीचा खून तुला दिसत नाही? होय, मी खूनच म्हणतो. मी अर्ज केले. ह्या पक्षाचं सरकार होतं तेव्हा केले, त्या पक्षाचं आलं तेव्हाही केले. उत्तर एकच, बाब तपासाधीन आहे.

मग एकदा टीव्हीवर तो आवाज ऐकला. एक निवृत्त कर्नल चर्चेत बसून कुणाकुणाला देशद्रोही ठरवत होता. प्रत्येक वाक्यामागं "क्लिअर?" माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. एकवीस वर्षं कानावर नोकरी केलेला माणूस आवाज ओळखायला चुकत नाही.

यंदा तो धाराशिवला व्याख्यानाला आला. विषय, राष्ट्र प्रथम. युसूफच्या आईला, अम्मीला, घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो. प्रश्नांची वेळ आली तसा उभा राहिलो.

"हवालदार भानुदास, सिग्नल. सर, त्या दिवशी पाच चाळीसला टायगरच्या सेटवर आपण होता. आपलं नाव आणि रँक सांगा. मला लिहून घ्यायचंय."

तो म्हणाला, "बैठ जाइए." मी बसलो नाही. अम्मी उठून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "ह्या नाईक युसूफ शेखच्या आई."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "वो... ऊपर से ऑर्डर था," एवढंच म्हणाला. माइक चालू होता. लोकांचे मोबाइल चालू होते. आयोजक धावत आले, पण तोंडातून निघालेला शब्द माघारी घेता येतो का?

परतताना एसटीत अम्मींनी विचारलं, "हात न्हाय उगारलास त्याच्यावर?"

"न्हाय, अम्मी."

"एक तरी ठिवून द्यायचीस. मला वाटलं, त्याच्यासाठीच नेलंस मला."

मी हसलो नाही. त्या खरंच बोलत होत्या.

त्या चित्रीकरणासकट नवा अर्ज गेला आहे. त्यात कर्नलचं नाव आहे आणि त्याखाली एक जागा कोरी सोडली आहे, वरच्या माणसासाठी. मला समाधान नको, शांती नको. दोघांनाही गुन्हेगार म्हणून उभं केलेलं मला बघायचंय. त्यांना माफ कर म्हणून सांगणारे लई भेटतात. माफ करायचा हक्क युसूफचा होता, आणि तो सत्ताविसाव्या वर्षी गेला, रस्ता तपासता तपासता.