एका गाडीची रॅली

नियमांवर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि ते प्रेम एकतर्फी आहे, हे आमच्या शेजारच्या काकांना कधी कळलंच नाही. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी सुरक्षा विभागात अख्खी नोकरी काढली. अजूनही घरचा जिना ते कठडा धरूनच चढतात आणि पाहुण्यांनाही धरायला लावतात. वडिलांची काळी मोटार त्यांच्याकडे आली तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. काकांनी तिची रीतसर 'विंटेज' म्हणून नोंदणी केली, नवी नंबरपाटी लावली आणि सोबतची अट आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली: गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

दुसरा कुणी असता तर तो कागद कपाटात ठेवून भाजी आणायला निघाला असता. काका पेट्रोल भरायला जात, आणि पंपाशेजारच्या दुकानातून औषध आणायचं असलं तर गाडी घरी लावून पुन्हा चालत जात. काकू मुरब्याच्या, कोळीवाड्यातल्या. त्यांची थोरली बहीण तिथं एकटी राहते. एकदा माझ्यासमोर त्या काकांना म्हणाल्या, "पेट्रोल भरायला जाता ना? मंग तसंच मुरब्याला चला."

"जवळचा पंप सोडून लांब जाणं म्हणजे नियमाच्या हेतूला बाधा," काका म्हणाले.

"हेतूला काय होत नाय. माझी बहीण वाट बघतेय."

काकांनी आठ दिवस विचार केला आणि जुन्या गाड्यांचा क्लब काढला. सभासद तीन: ते स्वतः, बेटेगावचे त्यांचे एक जुने सहकारी, ज्यांच्या जीपला इंजिन नव्हतं, आणि मी, ज्याच्याकडे स्कूटर होती. पहिली रॅली पालघर ते मुरबे. काकू मार्गदर्शक म्हणून पुढच्या सीटवर, आम्ही दोघे निरीक्षक म्हणून मागे. मुरब्यात बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी गाडीला गराडा घातला. काकूंच्या बहिणीनं रस्त्याकडे बघून विचारलं, "बाकीच्या गाड्या मागं हायत का?"

"बाकीच्या नाहीत," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला पहिलं बक्षीस दिलं. त्यानंतर दर दोन महिन्यांनी रॅली निघू लागली. प्रत्येक वेळी काका पहिले येत आणि काकू सुक्या मासळीची पिशवी घेऊन परतत.

मग एका दुपारी काकूंचा श्वास कोंडला. मी धावत गेलो. रुग्णवाहिका यायला वेळ लागेल असं फोनवर कळलं, आणि रिक्षा दिसेना. मी काही बोलायच्या आत काकांनी गाडी बाहेर काढली होती. मागे मी काकूंना धरून बसलो. काकांनी वाटेत तीन वेळा चुकीच्या बाजूनं गाडी पुढे काढली. हॉर्नवरचा हात त्यांनी दवाखान्याच्या दारापर्यंत उचलला नाही. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

काकू घरी आल्यावर काका इस्त्रीचा शर्ट घालून परिवहन कार्यालयात गेले. सोबत मला साक्षीदार म्हणून नेलं. गाडी वैयक्तिक कामासाठी वापरली असा लेखी कबुलीजबाब त्यांनी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"काका, वाटेत पेट्रोल भरलंत का?"

"नाही."

"गाडीची काही तपासणी?"

"गाडीची नाही. बायकोची केली."

"तुमच्याविरुद्ध तक्रार नाही. घरी जा, त्यांना सांभाळा," असं म्हणून साहेबांनी कागद परत दिला. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "परत तशी वेळ आली, तर मी परत तेच करणार आहे. हे त्यात लिहायला हवं होतं."

आता काकूंना लांबचा प्रवास झेपत नाही, त्यामुळे रॅली बंद आहे. काकूंची बहीणच महिन्यातून एकदा एसटीनं येते. संध्याकाळी बोईसरहून कामावरून परतताना मला दिसतं, काकांच्या गाडीच्या शेडचं दार उघडं असतं आणि दोघं गाडीत बसलेली असतात. काल मी सहज थांबलो. काकू काकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठंच नाही," काका हळूच म्हणाले. "हिला इथं झोप लागते."