वाळूजमध्ये लागलेली बोट

लिंबू चिरलं की त्या वासानं मला अजूनही वाळूजचा आमचा कारखाना आठवतो. नौदलाच्या जहाजाच्या डेकवर दोरखंड ओढणारं यंत्र आम्ही पहिल्यांदाच बनवलं होतं. जहाज लाटांवर कितीही हललं तरी यंत्रानं दोरखंडाला बांधलेलं ओझं सोडायचं नाही, ही अट. म्हणून ते एका डुलणाऱ्या लोखंडी चौथऱ्यावर बसवलं होतं आणि नौदलाचे तपासणी अधिकारी समोर उभे होते. ओझं निसटलं असतं तर ऑर्डरच गेली असती. "हँडल मीच धरतो," म्हणत मी ऐटीत वर चढलो. चौथरा डुलू लागला, यंत्रानं ओझं घट्ट धरून ठेवलं, आणि समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या ठणठणीत जमिनीवर मला बोट लागली! हँडल सोडलं तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. माझा पिवळा पडलेला चेहरा पाहून फोरमननं यंत्राला बांधलेली लिंबू-मिरचीच तोडली. "अहो, मशीनला नजर लागंल की!" वेल्डर ओरडला. "मशीनला काय व्हत नाय, साहेबच डुलायलेत!" असं म्हणत फोरमननं नखानं साल खरवडून लिंबू माझ्या नाकाशी धरलं, मिरच्यांसकट. तो वास घेत मी हँडल काही सोडलं नाही. चाचणी संपली तसे अधिकारी हसू दाबत म्हणाले, "मशीन पास है. लेकिन इन साहब को जहाज पे मत भेजना." कारखानाभर हशा पिकला आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. आता टीव्हीवर युद्धनौका दिसली की मी छाती फुगवून पोरांना सांगतो, "असल्याच जहाजावर आहे आमचं यंत्र." आणि बायको माझ्या पायाशी बादली आणून ठेवते.