वेंडेलनं कोचला नको म्हणून सांगितलं

एकतीस वर्षं वेंडेल स्ट्रेकानं आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचे कपडे धुतले. स्टेडियमच्या पोटात बिनखिडकीची एक खोली, तिच्यात सहा मोठी मशिनं, आणि रोज सव्वाशे पोरांच्या चिखलानं, घामानं, कधी रक्तानं भरलेल्या जर्सी. हेल्मेटंसुद्धा तोच घासायचा. माणूस उंच, थोडा वाकलेला. हात कायम धुवून धुवून पांढरट पडलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही.

मी या गावात टपाल वाटायचो. निवृत्त झाल्यापासून सकाळी साडेसहाला पर्लच्या डोनटच्या दुकानात आमचं टेबल ठरलेलं असतं. वेंडेल कामावर जाण्याआधी अर्धा तास तिथं यायचा. स्कूलबस चालवणारी अर्लीन आणि विमा विकणारा डीन कोफोएड हे उरलेले दोघं. अर्लीननं तीस वर्षांत घरचा एकही सामना चुकवला नव्हता. डीनच्या हातातला फोन कधी खाली ठेवलेला मी पाहिला नाही. चाहत्यांच्या चर्चेच्या साइटवर तो दिवसरात्र पडलेला असायचा.

त्या वर्षी मोसमाच्या शेवटच्या सामन्यात आमच्या संघानं, म्हणजे क्रेन्सनी, अठ्ठावन्न गुण खाल्ले. दुसऱ्या दिवशी बचावाच्या कोचला नारळ मिळाला. सोमवारी सकाळी टेबलावर दुसरा विषयच नव्हता.

"रस मेब्री," डीन म्हणाला. "सगळीकडे त्याचंच नाव चाललंय. ओहायोत त्यानं वर्षभर कुणाला सतरा गुणांच्या वर जाऊ दिलेलं नाही."

"तिकडे त्याच्याकडे दरवाजाएवढी रुंद पोरं आहेत," अर्लीन म्हणाली. "आपली वाऱ्यानं हलतात."

"मग काय, तुझ्या त्या टेक्सासच्या म्हाताऱ्याला आणायचं? तो दुसऱ्या हाफला डुलक्या घेतो!"

"घेऊ दे. त्याची पोरं समोरच्याला धरून पाडतात तरी. आपली नुसती मिठी मारतात आणि सोडून देतात, जसं काही लग्नात भेटलेत."

"मेब्री आपला माणूस आहे. चौदा वर्षांपूर्वी इथंच शिकाऊ कोच होता. वेंडेल, तू सांग ना. तू ओळखतोस त्याला."

वेंडेलनं कॉफीतून डोकं वर काढलं. "मोजे उलटे टाकायचा," तो म्हणाला. "बाकी माणूस चांगला."

दर दोन-तीन वर्षांनी हेच चालायचं. वेंडेलनं बचावाचे अकरा कोच आलेले आणि गेलेले पाहिले होते. प्रत्येक वेळी गाव त्याला खोदून खोदून विचारायचं, आणि प्रत्येक वेळी तो असंच काहीतरी बोलून कामावर निघून जायचा.

मेब्रीचा फोन त्याला बुधवारी दुपारी आला. हे मला पुष्कळ नंतर कळलं, पण कळलं ते वेंडेलच्याच तोंडून. शिकाऊ असताना मेब्री पहाटे त्या धुलाईच्या खोलीत येऊन बसायचा. तिथं ऊब असायची आणि कुणी काही विचारायचं नाही. तेव्हापासून दोघांची ओळख टिकली होती.

"वेंडेल, ते मला बोलावतायत," मेब्री म्हणाला. "हे आमचं नववं गाव होईल. धाकटीचं शाळेचं शेवटचं वर्ष यायचंय. बायकोला, जनीनला, इथं कुठं आता मनासारखी नोकरी लागलीय. मला एवढंच सांगा, मुख्य कोच टिकणार आहे का? बाकी सगळे मला गोड बोलतायत. तुम्ही तसे नाही."

वेंडेलला कोट आठवले. दर शरद ऋतूत तो पुढच्या मोसमाचे हिवाळी कोट मागवायचा आणि प्रत्येक कोचचं नाव कोटावर दोऱ्यानं भरून घ्यायचा. या खेपेला वरच्या कार्यालयातून निरोप आला होता, कोट मागवा पण नावं भरू नका. एवढ्या वर्षांत असा निरोप त्याला आधी दोनदाच आला होता. दोन्ही वेळा वर्षाच्या आत मुख्य कोचसकट सगळे घरी गेले होते.

"कोच," तो शेवटी म्हणाला, "नका येऊ."

"कशावरून?"

त्यानं कोटांचं सांगितलं. मेब्रीनं फक्त "बरं" म्हटलं आणि आभार मानले.

शुक्रवारी मेब्रीचा नकार जाहीर झाला आणि गाव पेटलं. डीनचा चेहरा लालेलाल झाला होता. "आपल्याला वापरलं त्यानं! इथलं बोलावणं दाखवून तिकडे पगार वाढवून घेतला. घरचा माणूस म्हणे!"

"मी म्हटलं होतं," अर्लीन म्हणाली. वेंडेलनं डोनट अर्धा तसाच ठेवला आणि नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी उठला.

मग लिओन टिब्सला आणलं. पस्तिशीतला, हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. बायको, तीन मुलं आणि सासू घेऊन लुइझियानातून आला. तो बरा की वाईट यावर टेबलावर दोन महिने वाद झाला. टिब्स एकदा धुलाईच्या खोलीत डोकावला आणि त्यानं वेंडेलला विचारलं, "शाळा चांगली कुठल्या भागात? घर घ्यायचंय."

"भाड्यानं घ्या," वेंडेल म्हणाला.

टिब्स हसला. "बायकोला बाग हवीय हो." त्यांनी मेपल स्ट्रीटवर घर घेतलं. एप्रिलमध्ये सासूनं मागच्या अंगणात भेंडी लावली.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये मुख्य कोच गेला. त्याच दुपारी टिब्सही गेला, आणि बाकीचे सगळे. खरं तर त्याच्या बचावानं आदल्या वर्षापेक्षा बरं काम केलं होतं, पण ते कोण बघतो?

सामान भरायला वेंडेल आपला पिकअप घेऊन गेला. मला पाठीचा त्रास, तरी मी हलकी खोकी उचलायला बरोबर गेलो. घर अर्धं रिकामं झालं होतं. सोफ्याचं एक टोक धरता धरता टिब्स थांबला.

"तुम्ही मला भाड्यानं घे म्हणाला होतात," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही करारावर सही करून आला होतात. आणि..." वेंडेलनं टोपी काढली, परत घातली. "मेब्रीला सांगितलं होतं मी. त्याच्यानंतर भ्यालो. नोकरी जाईल म्हणून."

टिब्स सोफ्याच्या हातावर बसला. आत स्वयंपाकघरात त्याची सासू वर्तमानपत्रात ताटल्या गुंडाळत होती, तो कागदाचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो फार थकलेला होता.

"मुलं इथं रुळली होती," तो म्हणाला. मग उठला. "धरा तिकडून. दारातून तिरका काढावा लागेल."

घरी परतताना वेंडेलनं गाडीत मला सगळं सांगितलं, मेब्रीच्या फोनपासून. "एकाला वाचवलं," तो म्हणाला, "आणि त्याच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. तो गडी तरी कुठं माझ्या ओळखीचा होता."

"तू नेमलंस का त्याला?" मी म्हटलं.

सोमवारी पर्लकडे पुन्हा तेच. बचावाला कोण? डीननं मेब्रीचं नाव काढलं आणि लगेच त्याला शिव्या घालायला लागला. गद्दार, पैशाचा लोभी, वगैरे.

"त्याला मी नको म्हणालो," वेंडेल म्हणाला.

अर्लीनचा कप ओठाशी थांबला. "काय म्हणालास?"

"मुख्य कोच राहणार नाही, येऊ नकोस, असं मीच सांगितलं. त्यानं कुणाला वापरलं नाही. त्याच्या मुलीला शाळा संपवायची होती."

"अरे, तू आपल्या संघाचा माणूस!" डीन जवळजवळ किंचाळला. "एक वर्ष आधी मेब्री आला असता तर..."

"तर आज मेब्री खोकी भरत असता," वेंडेल म्हणाला.

डीन उठून गेला. अर्लीननं आपला डोनट मोडला आणि अर्धा वेंडेलच्या बशीत ठेवला.

संध्याकाळपर्यंत ते चर्चेच्या साइटवर चढलं, नावासकट. कुणी त्याला घरभेदी म्हटलं, कुणी लिहिलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. बुधवारी वेंडेलला कार्यालयातून बोलावणं आलं. त्यानं काही नाकारलं नाही. मेपर्यंत काम कर आणि निवृत्त हो, असं ठरलं. त्याच्या मनात आणखी दोन वर्षं करायचं होतं. निरोपाला पोरांनी सह्या केलेलं एक हेल्मेट दिलं. कार्यालयातलं कुणी आलं नाही. मेब्रीचं एक पत्र आलं होतं; त्यात काय होतं ते त्यानं मला दाखवलं नाही. टिब्सकडून काही आलं नाही, आणि येईल असं त्याला वाटतही नव्हतं.

सप्टेंबरमधल्या पहिल्या शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. तो शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतली पानं काढत होता. रेडिओ बंद होता. अडीच मैलांवरून स्टेडियमचा गलका मात्र ऐकू येत होता.

"यंदा बचावाला कोण आलंय?" त्यानं वरूनच विचारलं.

मी नाव सांगितलं. ऑरेगनचा कुणी तरणा माणूस.

"मुलं आहेत?"

"दोन, म्हणतात."

तो खाली उतरला, शिडी हातभर पुढं सरकवली, आणि पुन्हा वर चढला.