तिची डावी बाजू

मिआओ बाईंचं लक्ष लाओ लुआनकडे पहिल्यांदा गेलं, ते त्यांची पाठ बाईंवर येऊन आदळली तेव्हा.

बाओजी शहराच्या जुन्या क्रीडासंकुलात सकाळची गर्दी होती. बाई धावपट्टीच्या सर्वांत बाहेरच्या पट्ट्यात बुटाची नाडी बांधायला वाकल्या होत्या, आणि कोपरांवर विटलेला कारखान्याचा निळा कोट घातलेले एक उंच गृहस्थ उलट्या पावलांनी येत होते. त्यात नवल काही नव्हतं. गुडघ्यांना चांगलं म्हणून तिथं सकाळी कितीतरी म्हातारी माणसं उलटी चालत. पण ती माणसं दर चार पावलांनी मान वळवून मागे बघत. या गृहस्थांनी एकदाही मान वळवली नव्हती.

"अगं, सांगायचं नाही का!" ते धक्क्यासरशी खेकसले.

ते बाईंना उद्देशून नव्हतं. समोरच्या रिकाम्या पट्ट्याला उद्देशून होतं. मग ते वळले, बाईंना पाहून कानापर्यंत लाल झाले आणि सरळ चालत फाटकाबाहेर निघून गेले.

बाईंचं सारं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं होतं. माणूस कोणाशी बोलतोय हे त्यांना बरोबर कळायचं. पाठीला लागलं होतं त्यापेक्षा ते वाक्यच जास्त लागून राहिलं.

पूर्वेच्या फाटकापाशी पेई मावशींच्या गटाचा नाच रंगात आला होता. मावशींचा कर्णा आणि मावशींची जीभ, दोन्ही एकाच आवाजात चालत.

"काय हो मिआओ बाई, धडकलात की धडकवून घेतलंत?"

"मावशी, काहीतरीच काय!"

"चेष्टा हो. लाओ लुआन तो. यंत्रांच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. बायको रुईयुन. दोघं रोज यायची. हा उलटा चालायचा आणि ती याच्याकडे तोंड करून सरळ. डावीकडे, उजवीकडे, थांब, असं सांगत. गेल्या हिवाळ्यात गेली बिचारी." मावशींनी कर्ण्याचा आवाज थोडा कमी केला. "आम्ही हसायचो, म्हणायचो, घरी तोंडं बघून पोट भरत नाही वाटतं तुमचं!"

त्यानंतर बाईंना ते रोज दिसू लागले. म्हणजे आधीही दिसत असणार, पण आता बाई पाहू लागल्या. उलटा चालणारा आणि त्याच्या मागून सरळ येणारा, दोघांची तोंडं समोरासमोर येतात. बाईंची चाल जलद. त्यामुळे रोज कधीतरी अर्धा फेरा त्या लाओ लुआनच्या समोर असत. दोघं मान हलवत. लाओ लुआनची नजर बाईंच्या जरा बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठरलेली असे. रुईयुन बुटकी होती, असं मावशींनी सांगितलं होतं.

बाईंचे यजमान कधीच गेले होते आणि मुलगी शिआन शहरात नांदत होती. घरी बोलायला भिंती आणि कुंडीतली शेवंती. तो अर्धा फेरा त्यांना बरा वाटू लागला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं काही होतं असंही नाही.

शरद ऋतूत व्हायचं ते झालं. लाओ लुआन बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांवर आदळले. गृहस्थ पडले, मनगट मोडलं. त्यांच्या मुलानं कार्यालयात जाऊन आकांडतांडव केलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरचा पहारेकरी शिआ यानं लाओ लुआनना अडवलं.

"लुआनकाका, साहेबांचा हुकूम आहे. उलटं चालायचं तर समोर कोणीतरी वाट दाखवणारं हवं. एकट्यानं नाही."

"माझ्यासमोर कोण येणार?"

"मग सरळ चाला की. सगळं जग सरळच चालतं."

"सरळ चालून काय बघू?" लाओ लुआन म्हणाले.

शिआ आपल्या चहाच्या बाटलीत बघत राहिला.

लाओ लुआन तरीही यायचे. कठड्याला टेकून उभे राहायचे. मैदानात पोरं फुटबॉल लाथाडत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या दालनातून टेबलटेनिसची टकटक येई, रविवारी तिथंच थंडीच्या कपड्यांचा बाजार भरे. त्या सगळ्या गजबजाटात ते एकटेच न हलता उभे. आठवड्याभरात त्यांचा चेहरा उतरला. पेई मावशींनी दोन विधवांची नावं सुचवून पाहिली, त्यावर ते म्हणाले, "मावशी, मला गुडघे चालवायचेत, वरात नाही काढायची." मावशी खो खो हसल्या. लाओ लुआन हसले नाहीत.

एका सकाळी मिआओ बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत वर्गावर येताना जशा उभ्या राहत, तशाच.

"लुआनदादा, मी येते समोर."

"तुमची चाल जलद आहे, बाई."

"हळू चालेन."

लाओ लुआननी बराच वेळ पट्ट्याकडे पाहिलं. चालायची भूक मोठी होती. त्यांनी पाठ फिरवून पहिलं पाऊल मागे टाकलं.

पहिलं वळण ठीक गेलं. बाई त्यांच्या पाठीमागची माणसं बघत, नेमकं सांगत होत्या. आजवर त्यांनी कोणालाच चुकीचं काही सांगितलं नव्हतं. लाओ लुआनची नजर आज पहिल्यांदाच बाईंच्या चेहऱ्यावर होती, आणि बाईंना उगीचच आपला गळपट्टा नीट करावासा वाटला. पुढे शाळेच्या स्पर्धेसाठी अडथळ्यांच्या लाकडी चौकटी रचून ठेवल्या होत्या, लाओ लुआनच्या उजव्या हाताला.

"डावीकडे व्हा, दादा. तुमच्या डावीकडे."

लाओ लुआन तत्काळ, जराही न अडखळता, उजवीकडे झाले.

चौकटी धडाधड कोसळल्या आणि त्यांच्यात लाओ लुआन. शिआ धावत आला. कोपर सोललं होतं, बाकी काही नव्हतं. बाई एकेक चौकट बाजूला सारू लागल्या.

"मी डावीकडेच म्हटलं होतं हो! तुमच्या डावीकडे असंसुद्धा म्हटलं!"

"म्हटलंत. मी ऐकलंसुद्धा." लाओ लुआन पायरीवर बसून कोपर फुंकत होते. "चूक तुमची नाही. मी क्रेनवर होतो ना, वर पिंजऱ्यात. रुईयुन खाली शिट्टी घेऊन उभी असायची. तिचं तोंड माझ्याकडे. लग्नाआधीपासूनचं हे. ती डावीकडे म्हणाली की तिची डावी धरायची, असं आमचं ठरलं होतं. एवढालं लोखंड हवेत लोंबकळतंय, तेव्हा तुझी की माझी विचारायला वेळ कुठं?"

"आणि इथंही तसंच?"

"इथंही. घरातही. कपाटाच्या डाव्या खणात मोजे म्हटलं की मी उजवा उघडायचा." ते आपल्या दोन्ही तळहातांकडे बघू लागले. "आता तर मला माझी डावी कुठली ते आठवावं लागतं."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. समोर पोरं ओरडत होती. बाई म्हणाल्या, "मग सोपं आहे. मी उलटं सांगेन. माझी डावी ती डावी. उद्यापासून. चार दिवसांत जमेल मला."

"जमेल," लाओ लुआन म्हणाले. "तुम्ही शाळेतल्या बाई आहात, दोन दिवसांत शिकाल. अगदी तिच्यासारखं सांगू लागाल." त्यांनी कोटाची बाही खाली ओढली. "तेच नको आहे मला. राग मानू नका."

बाईंनी राग मानला नाही. निदान मान हलवून तसं दाखवलं. घरी जाताना त्यांनी नेहमीचं सोयाबीनचं दूध घेतलं नाही, आणि दिवसभर शेवंतीला पाणी घालायचं राहून गेलं.

पुढचे काही दिवस लाओ लुआन आले नाहीत. मग एका दुपारी शिआच्या खिडकीवर टकटक झाली. सगळं शहर जेवून आडवं झालं होतं. दुकानांच्या झडपा अर्ध्या खाली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शिआ वामकुक्षीतून डोळे चोळत उठला.

"काय काका, या वेळी?"

"धावपट्टी रिकामी आहे. कोणाला धडकणार मी?"

"पण हुकूम आहे ना. समोर माणूस हवा."

लाओ लुआन नुसते उभे राहिले. शिआनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या धावपट्टीकडे.

"तो हुकूम सकाळचा आहे," तो म्हणाला आणि टोपी तोंडावर ओढून पुन्हा आडवा झाला. "दुपारी मी झोपलेला असतो. झोपलेल्या माणसाला काय दिसतं?"

हे बाईंना शिआनंच सांगितलं. सकाळी चालताना त्या आता बाहेरचा पट्टा सोडून आतल्या पट्ट्यातून चालतात. दुपारी त्यांनाही झोप येत नाही, पण त्या संकुलाकडे जात नाहीत. एकदाच गेल्या होत्या, फाटकापर्यंत. लाओ लुआन दूरच्या वळणावर होते. एका जागी, समोरून कोणी सांगितल्यासारखे, ते जरा बाजूला झाले. तिथं काहीच नव्हतं. बाई आल्या पावली परत फिरल्या.

लाओ लुआन आता रोज दुपारी येतात. शाळांचे संघ सरावाला येईपर्यंत धावपट्टी त्यांची एकट्याची असते. ते बाहेरच्या पट्ट्यातून उलटे चालतात, मान वळवत नाहीत, आणि त्यांचे गुडघे ठीक आहेत.