अंतरपाटाचा फोटो

धाकट्या बहिणीच्या लग्नाला फोटोवाला आणायचं खूळ माझं नव्हतं, आईचं होतं. दुष्काळाचं साल. विहिरीने तळ गाठलेला, गावात टँकर आला की घागरींची मारामारी, निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं, आणि आई म्हणते फोटोवाला बघ. मी भिंगारला लष्कराच्या डेपोत कारकून होतो. शनिवारी एसटीने पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी यायचो. त्या शनिवारी मी अजून चप्पलही काढली नव्हती, तेवढ्यात तिने हे सांगितलं. मी चिडलो. चिडणं हा माझा स्वभावच आहे, आणि वडील गेल्यानंतर तो मला शोभतो अशीही माझी समजूत झाली होती.

"लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण फोटो काढायचे? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे," आई म्हणाली. "मला एकच फोटू पायजे. अंतरपाट खाली येतो ना, तवाचा. बाकीचे न्हाई निघाले तरी चालंल."

मग मी चप्पल काढली. मुलीच्या आईने अक्षता पडताना पाहायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मंगलाष्टकं चालू झाली की तिने आत जायचं आणि देवापुढे, मांडवाकडे पाठ करून बसायचं. नऊ महिने पोटात वाढवायची, वीस वर्षं हाताखाली, आणि ती ज्या घटकेला दुसऱ्याची होते ती घटका तेवढी आपण बघायची नाही. का, ते कोणी सांगत नाही. आईची नजर लागते म्हणतात. दोन मुलींच्या लग्नात आई अशीच आत बसली होती. थोरली पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मधलीला सहा महिन्यांत माघारी आणून घातली. लग्नात नवऱ्याच्या चुलत्याला फेटा उशिरा बांधला, मानपानात कमी केलं, हे कारण. तेव्हापासून ती आमच्याच चुलीपुढे होती आणि चारचौघांत फारशी बोलत नव्हती. राहिली ही धाकटी. आता घरात पुन्हा मांडव पडणार नव्हता.

आधी मी नगरला कापडबाजारात एका मोठ्या स्टुडिओत गेलो. मालकाने अल्बम दाखवले. पानापानामध्ये पातळ कागद, चारी कोपरे चिकटवलेले, आणि सगळ्या नवऱ्या मुली एकाच लाकडी खांबाला हात लावून उभ्या. तो म्हणाला, खेड्यात धूळ फार, कॅमेऱ्याचं नुकसान होतं. त्यापेक्षा जोडप्याला इथंच आणा.

"आणि अंतरपाट?"

"तोही इथंच धरू की. उपरणं आहे आमच्याकडं."

मी अल्बम मिटला आणि त्याला नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडलो.

दुसरा भिंगारच्या जुन्या बाजारात सापडला. माणूस पन्नाशीचा, बोलणं कमी. त्याच्या भिंतीवर सगळे जवान. बदली झाली की घरी पाठवायला ते त्याच्याकडे फोटो काढून घेत. मी लग्नाचं सांगितलं तेव्हा तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. त्याने एवढंच विचारलं, "फोटो कोणाला बघायचाय?"

मी आईचं सांगितलं. त्याने फडकं खाली ठेवलं. "मग येतो."

रोल मिळत नव्हते त्या दिवसांत. त्याच्याकडे एकच शिल्लक होता. "बारा फोटो. तेरावा मागायचा नाही," तो म्हणाला. "आणि तुमची माणसं माझ्या ओळखीची नाहीत. तुम्ही माझ्याशेजारी उभं राहायचं. तुम्ही बोट दाखवाल त्याचा फोटो. मी माझ्या मनाने बटण दाबत नाही." मला ते फार आवडलं. माणूस मी बरोबर निवडला होता, हे आजही म्हणतो. त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

मी बारा फोटोंची यादी केली. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, माझा कशाला, तो एक राखून ठेव. अंतरपाटाच्या फोटोखाली मी दोन रेघा मारल्या.

मुहूर्त गोरज होता. वऱ्हाड अकोले तालुक्यातून ट्रकने आलं. त्यांच्याकडे भात पिकत होता, आमच्याकडे त्या साली बाजरीही नव्हती, आणि हे त्यांच्या उतरण्यातच दिसत होतं. कॅमेरा बघून सगळ्यांनी फेटे सारखे केले. इथं मी पहिली चूक केली. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून पहिलं बोट व्याह्यांकडे दाखवलं.

झालं! फोटोचा मान झाला. व्याह्यांचा काढला तर चुलत्यांनी काय घोडं मारलंय? चुलत्यांचा काढला तर व्याह्यांच्या थोरल्या जावयाने तोंड फिरवलं. जावयाचा काढला तर आत्याबाई म्हणाल्या, "आमी काय वाटंवर पडलोय व्हय?" टोपी-टॉवेलात जसं कुणाला वगळता येत नाही, तसं हे सुरू झालं. आमच्या गावात कोणाच्या लग्नात फोटोवाला आलेला नव्हता, त्यामुळे फोटोला नाही म्हणायची रीतच ठरलेली नव्हती. मी माणसं एकत्र उभी करून बघितली, तर घोळक्यातला फोटो म्हणजे अपमान. यादी खिशातच राहिली. प्रत्येक वेळी फोटोवाला माझ्याकडे बघून किती उरले तेवढी बोटं वर करायचा, आणि मी मान डोलवायचो.

एक बोट उरलं तेव्हा दिवस मावळत होता. गॅसबत्त्या पेटल्या होत्या. आई आत गेली होती. देव्हारा दारासमोरच्या भिंतीला, त्यामुळे मांडवातून तिची पाठ दिसत होती. भटजींनी अंतरपाटाचं कापड झटकलं आणि नवऱ्यामुलाचा मामा म्हणाला, "थांबा. माझा आन् भाच्याचा एक काढा. बाशिंग बांधल्यालं हाय तवर."

"मामा, एकच राहिलाय," मी म्हणालो. "तो अंतरपाटाचा आहे."

"मंग भाच्याच्या मागं बी अंतरपाटच हुबा करा," तो म्हणाला आणि बाजूला जाऊन खाटेवर बसला. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय लग्न लागायचं कसं? वऱ्हाडात कुजबूज सुरू झाली. अक्षतांचं ताट घेऊन मधली बहीण दाराशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काढू दे, दादा," ती म्हणाली. "वाद नको. पाया पडते तुझ्या."

मी बोट दाखवलं. मामाने मिशीवरून हात फिरवला, भाच्याच्या खांद्यावर ठेवला, आणि भपकन उजेड पडला.

"संपला," फोटोवाला हळूच म्हणाला. "फ्लॅशचा बल्ब एक उरलाय नुसता."

मंगलाष्टकं चालू झाली. पाचव्या कडव्याला मी त्याच्या कानाशी लागलो. "अंतरपाट खाली आला की बल्ब पेटवा."

"रोल नाही, भाऊ."

"माहीत आहे. पेटवा."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला अजून त्याचा राग येतो. राग खरं तर माझाच आहे, पण तो त्याच्यावर काढायला सोपा जातो. त्याने बल्ब बसवला. कापड खाली आलं, वाजंत्री सुरू झाली, अक्षता उडाल्या. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. उजेड पडल्याबरोबर मी वळून दारातून आत बघितलं. देव्हाऱ्याची भिंत क्षणभर पांढरी झाली आणि आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

पंधरा दिवसांनी फोटो तयार झाले. शनिवारी मी ते घेऊन गेलो. वाटेत एसटीत मी काय सांगायचं ते घोकत होतो. आईने हात धुतले, पदराला कोरडे केले, उंबऱ्यावर बसली आणि एकेक फोटो मांडीवर ठेवत गेली. व्याही. चुलते. जावई. आत्याबाई. शेवटी मामा. मग तिने रिकामं पाकीट उलटं करून बघितलं.

"त्यो कुठाय?"

"धुताना खराब झाला," मी म्हणालो.

ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, सगळं सांगून मोकळा झालो असतो. तिने फोटो एकावर एक नीट लावले. मधली आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. ती सगळं जाणून होती.

आई बोलली ती माझ्याकडे न बघता.

"थोरलीच्या टायमाला म्या वळून पाह्यलं हुतं. कुनाला ठावं न्हाई. ऱ्हावलंच न्हाई मला. मधलीच्या टायमाला बी पाह्यलं. मंग एक गेली आन् एक माघारी आली. लोकं फेट्याचं म्हनत्यात. मला ठावं हाय ते कशानं झालं." तिने पाकिटाची घडी घातली. "म्हून ह्या टायमाला म्हनलं, न्हाई पाह्यचं. फोटू येनार हाय. मान सुदिक वळवली न्हाई म्या."

मी म्हणालो, असलं काही नसतं. माझा आवाज उगाच चढला.

"असू दे," ती म्हणाली. "तू हुतास की तिथं. चार हातावर हुबा हुतास. तूच सांग. कशी दिसत हुती?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला फोटोवाल्याचा हात आठवला. बल्ब आठवला, भिंत आठवली, आईची पाठ आठवली. बहिणीचा चेहरा कुठंच नव्हता. त्या घटकेला मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"हसत होती," मी म्हणालो.

"हसत हुती व्हय," आई म्हणाली. मग तिने मामाचा फोटो पुन्हा उचलला, उजेडाकडे धरला, आणि त्याच्या कडेला कुठं पोरीचा पदर तरी आलाय का ते शोधू लागली.